पिंग लागतो म्हणून वेळ बरोबर, असे धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हळद-बेदाण्याच्या सौद्याची नोंद, साखर कारखान्याच्या काट्याची पावती, मिरजेच्या दवाखान्यातला लॅब रिपोर्ट, बँकेच्या शाखेतला व्यवहार, चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण, या प्रत्येकावर वेळ छापलेली असते. वाद झाला की पहिले बोट त्या वेळेवरच ठेवले जाते. ही वेळ ते यंत्र मनाने छापत नाही. नेटवर्कमधल्या टाइम सर्व्हरला विचारून छापते. तो सर्व्हर बरोबर वेळ सांगतो आहे का, हे कोण आणि कसे तपासते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. यंत्रणा घेताना निविदेत काय लिहावे आणि बसवल्यावर काय तपासावे, हे जिल्ह्यातल्या संस्थांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या (एनपीएल) टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवायची आहेत. लॉगही, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत, आणि घड्याळ चुकीचे असेल तर ते लॉग असून नसल्यासारखे. त्यासाठी दोन-तीन टाइम सर्व्हर घ्यायचे, पुढे लोड बॅलन्सर (आलेल्या विचारणा त्यांच्यात वाटून देणारे उपकरण) ठेवायचा आणि सगळ्या यंत्रांना एकच पत्ता द्यायचा, अशी रचना केली जाते.

या रचनेची गरज सगळ्यांना नसते, हे आधी सांगितले पाहिजे. ज्या संगणकावर चार सर्व्हरचे पत्ते लिहिता येतात, त्याला ते चारही द्यावेत आणि मध्ये लोड बॅलन्सर घालू नये. चार ठिकाणी विचारून त्यातला चुकणारा कोण हे मताधिक्याने ठरवणे, हीच एनटीपीची (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीची) मूळ ताकद आहे. तिघांत एक चुकला तर उरलेल्या दोघांवरून कळते. चौथा यासाठी की एक बंद पडला तरी तीन उरतात. एनटीपीच्या वापराबद्दल २०१९ साली निघालेल्या आरएफसी ८६३३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्येही किमान चार स्वतंत्र स्रोतांची शिफारस आहे. एकच पत्ता दिला की यंत्राला एकच साक्षीदार दिसतो. लोड बॅलन्सर खरा उपयोगी पडतो तो कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचे मशीन किंवा आयपी फोन अशा उपकरणांना, ज्यांच्या सेटिंगमध्ये टाइम सर्व्हरसाठी एकच रकाना असतो. अशा उपकरणाला स्वतःहून चूक पकडता येत नाही. त्यामुळे ती पकडण्याची सगळी जबाबदारी लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेकवर (सर्व्हर ठीक आहे का, या ठरावीक वेळाने होणाऱ्या तपासणीवर) येते.

आणि नेमका तोच चेक वेबसाइटच्या सवयीने लावला जातो. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या साध्या हाकेला, उत्तर आले, सर्व्हर ठीक. पिंगला उत्तर देते ते मशीनचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. टाइम सेवा मेलेली असली तरी पिंग लागतोच. टीसीपीचा (आधी कनेक्शन जोडून बोलण्याच्या पद्धतीचा) पोर्ट तपासावा तर एनटीपी चालते यूडीपीच्या (थेट पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या) १२३ पोर्टवर. तिथे आधी कनेक्शन जुळणे हा प्रकारच नाही. काही उपकरणांतला यूडीपी चेक तर उलट्या तर्काने चालतो. एक पॅकेट पाठवायचे आणि ‘पोर्ट बंद आहे’ असा निरोप परत आला नाही की सर्व्हर जिवंत धरायचा. मधल्या फायरवॉलने तो निरोप गिळला, की सेवा बंद पडलेला सर्व्हरही हिरवाच दिसतो.

खऱ्या चेकने सर्व्हरला ग्राहकासारखी वेळ विचारली पाहिजे आणि आलेले उत्तर वाचले पाहिजे. विचारणा ४८ बाइटची असते. पहिला बाइट ३५ ठेवायचा. त्यात ‘आवृत्ती ४’ आणि ‘मी ग्राहक’ या दोन्ही खुणा येतात. ४० ते ४७ या शेवटच्या आठ बाइटमध्ये आपली पाठवण्याची वेळ भरायची. उत्तरही ४८ बाइटचे येते. आपण भरलेले ते आठ बाइट उत्तरात २४ ते ३१ या जागी जसेच्या तसे परत आले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर हे आपल्या विचारणेचे उत्तरच नव्हे. मागे रेंगाळलेले किंवा दुसऱ्याच कुणाचे पॅकेट आहे.

उत्तराच्या पहिल्या बाइटमध्ये तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. वरच्या दोन बिटांत लीप सेकंदाची (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात अधूनमधून घातल्या जाणाऱ्या सेकंदाची) सूचना, मधल्या तिनांत आवृत्ती, खालच्या तिनांत प्रकार. निरोगी सर्व्हरचा हा बाइट ३६ येतो. घड्याळ जुळलेले नसेल तर वरचे दोन्ही बिट १ होतात आणि तो २२८ येतो. इथे घाई नडते. ‘पहिला बाइट ३६ असेल तरच ठीक’ अशी जुळणी लावली की रोज सुरळीत चालते. पण लीप सेकंद जवळ आला की सर्व्हर त्याची आगाऊ सूचना देऊ लागतात आणि तोच बाइट १०० होतो. सर्व्हर उत्तम, उत्तर उत्तम, आणि लोड बॅलन्सर सगळ्यांना एकदम बाहेर काढतो. शेवटचा लीप सेकंद भारतीय वेळेनुसार १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला घातला गेला. त्यानंतर बसवलेल्या यंत्रणेत ही चूक दबा धरून बसलेली असू शकते. म्हणून बिट सुटे करून तपासावेत: खालच्या तिनांची किंमत ४ हवी आणि वरच्या दोनांची ३ नको.

दुसरा बाइट स्ट्रॅटमचा, म्हणजे मूळ घड्याळापासून सर्व्हर किती पायऱ्या दूर आहे त्याचा. थेट जीपीएस किंवा अणुघड्याळाला जोडलेला सर्व्हर १, त्याच्याकडून वेळ घेणारा २, असे पुढे. ० आला तर सर्व्हर जुळलेला नाही, किंवा ‘फार विचारतोस, थांब’ असे सांगतो आहे. चेकमध्ये बहुधा ‘१ ते १५ चालेल’ असे लिहिलेले असते. ही मर्यादा ३ किंवा फार तर ४ ठेवावी. कारण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ अशी एक ओळ कुणीतरी घालून ठेवलेली असते. बाहेरचे सगळे स्रोत तुटले की असा सर्व्हर स्वतःच्या क्वार्ट्झवर, म्हणजे आतल्या स्फटिकाच्या घड्याळावर, चालत राहतो आणि तरीही ‘मी जुळलेला आहे’ असेच सांगतो. साधा क्वार्ट्झ दहा लाखांत वीस भाग चुकला तरी दिवसाला १.७ सेकंद होतात. आठवडाभर कुणाच्या लक्षात आले नाही तर बारा सेकंद. आठवडाभर लक्षात येत नाही, कारण पिंग लागत असतो.

त्यानंतर ४ ते ७ या बाइटमधला रूट डिले (मूळ घड्याळापर्यंत जाऊन येण्याचा वेळ) आणि ८ ते ११ मधले रूट डिस्पर्शन. दोन्ही आकडे ६५,५३६ ने भागले की सेकंद मिळतात. रूट डिस्पर्शन म्हणजे सर्व्हरने स्वतःच दिलेली कबुली: मी एवढ्याने चुकलेला असू शकतो. डिलेचा निम्मा आणि डिस्पर्शन यांची बेरीज १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली तर सर्व्हर बाहेर काढावा. एनटीपीडी या टाइम सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्रोत तुटल्यावर ही कबुली सेकंदाला १५ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे तासाला ५४ मिलिसेकंदांनी वाढत जाते. इंटरनेट गेले तर साधारण पावणेदोन तासांत सर्व्हर या नियमाने आपोआप बाजूला होतो. क्रोनी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही वाढ बरीच सावकाश होते. लोड बॅलन्सरमागच्या एकाच गटात दोन्ही चालवत असाल तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठेवावी लागते.

एवढे तपासूनही मुख्य गोष्ट उरतेच. सांगितलेली वेळ खरी आहे का? १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टाइम सर्व्हर काही काळ २००० साल सांगत होते. सेवा चालू, उत्तर तत्पर, वर्ष बारा वर्षे मागचे. आणि त्यांच्यावर विसंबलेल्या कित्येक संस्थांची यंत्रे मागे गेली. जीपीएसच्या संदेशात आठवड्याचा आकडा दहा बिटांचा असल्याने दर १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. त्याचा हिशेब करताना जीपीएसडी या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्या २४ ऑक्टोबर २०२१ ला थेट मार्च २००२ मध्ये जाणार होत्या. ती चूक आधी सापडली म्हणून बरे. अशा चुकीत लीप बिट, स्ट्रॅटम, डिस्पर्शन सगळे निर्मळ दिसू शकते. म्हणून चेकमध्ये ऑफसेट, म्हणजे दोन घड्याळांतला फरक, मोजलाच पाहिजे. आपण पाठवल्याची, सर्व्हरला मिळाल्याची, सर्व्हरने पाठवल्याची आणि आपल्याला मिळाल्याची अशा चार वेळा हाताशी असतात. दुसरीतून पहिली वजा, तिसरीतून चौथी वजा, दोन्हींची बेरीज, तिचा निम्मा. तो ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर सर्व्हर बाहेर. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे की एनटीपीचे सेकंद १९०० पासून मोजतात आणि लिनक्सचे १९७० पासून. मधले अंतर २,२०,८९,८८,८०० सेकंदांचे. शिवाय ३२ बिटांचा हा मोजणारा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ ला पुन्हा शून्यावर येणार आहे. आज लिहिलेली स्क्रिप्ट तेव्हाही कुठेतरी चालू असेल, म्हणून वजाबाकी आताच तशी लिहावी.

ऑफसेट मोजायला तपासणाऱ्याचे स्वतःचे घड्याळ बरोबर हवे, आणि इथे एक फसवी गाठ बसते. लोड बॅलन्सर स्वतःची वेळ आपल्याच व्हर्च्युअल आयपीवरून (सगळ्या यंत्रांना दिलेल्या त्या एका पत्त्यावरून) घेत असेल, तर तो ज्यांना तपासतो त्यांच्याबरोबरच तो वाहवत जातो आणि ऑफसेट कायम शून्याजवळ दिसतो. लोड बॅलन्सरला बाहेरचे, गटात नसलेले स्रोत द्यावेत. त्याहून चांगले म्हणजे गटातल्या सर्व्हरची एकमेकांशीही तुलना करावी. ती करायला किमान तीन सर्व्हर लागतात. दोघांत फरक निघाला तर कोण चुकला हे ठरवता येत नाही. खर्च वाचवायला दोनच टाइम सर्व्हर घेणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

चेक दर १५ सेकंदांनी, उत्तराची वाट एक सेकंद, सलग तीन अपयशांनंतर सर्व्हर बाहेर, हे प्रमाण ठीक पडते. यूडीपीत एखादे पॅकेट हरवायचेच; एका चुकीवर सर्व्हर काढला तर तो दिवसभर आत-बाहेर करत राहील. परत घेताना मात्र घाई नको. एनटीपीक्यू या एनटीपीडीच्या तपासणी-आज्ञेच्या यादीत स्रोतासमोर ‘रीच’ ३७७ दिसले, म्हणजे मागच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले, की मगच घ्यावा. ६४ सेकंदांच्या अंतराने याला साडेआठ मिनिटे लागतात. कीपअलाइव्हड हे लोड बॅलन्सरचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या मिस्क-चेकमध्ये ही स्क्रिप्ट बसते: सगळे ठीक तर ० देऊन संपायचे, नाहीतर १.

निरोगी सर्व्हर आजारी ठरतो तो बहुतेक वेळा रेट लिमिटमुळे, म्हणजे एका पत्त्यावरून किती विचारणा घ्यायच्या याच्या मर्यादेमुळे. एनटीपीडीमध्ये ‘लिमिटेड’ लावलेले असेल तर एकाच पत्त्यावरून सरासरी आठ सेकंदांपेक्षा जवळजवळ येणाऱ्या विचारणा टाकून दिल्या जातात. कुणी उत्साहाने चेक दर दोन सेकंदांनी लावला की सर्व्हर गप्प बसतो आणि लोड बॅलन्सर त्याला मेलेला ठरवतो. लोड बॅलन्सरच्या दोन्ही पत्त्यांना, मुख्य आणि राखीव, ‘रिस्ट्रिक्ट’च्या ओळीत सूट द्यावी. याच दुखण्याचा मोठा भाऊ म्हणजे सोर्स नॅट. लोड बॅलन्सर ग्राहकाचा पत्ता बदलून आपला पत्ता लावतो, मग पाचशे यंत्रांच्या विचारणा सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात. तो सगळ्यांनाच थांबवतो. त्या नादात चेकसाठी सूट दिलेली असेल तर आणखी वाईट: सूट त्याच पत्त्याला मिळते, रेट लिमिट सगळ्यांसाठीच उठते आणि एखादे बिघडलेले उपकरण सेकंदाला शेकडो विचारणा करू लागले तरी सर्व्हरला ते ओळखता येत नाही. एनटीपीसाठी ग्राहकाचा मूळ पत्ता सर्व्हरपर्यंत पोचेल अशीच रचना करावी.

ती डायरेक्ट राउटिंगने होते. व्हर्च्युअल आयपी प्रत्येक सर्व्हरच्या लूपबॅकवर (मशीनच्या अंतर्गत जोडणीवर) ठेवायचा, त्या पत्त्यावर सर्व्हरने नेटवर्कमध्ये दावा सांगू नये म्हणून एआरपी-इग्नोर १ आणि एआरपी-अनाउन्स २ करायचे आणि उत्तर सर्व्हरकडून थेट ग्राहकाला जाऊ द्यायचे. यातही एक बारीक फट आहे. हेल्थ चेक सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर जातो, ग्राहक मात्र व्हर्च्युअल पत्त्यावर विचारतात. एनटीपीडी सुरू झाल्यानंतर तो पत्ता लावला असेल तर नवा पत्ता त्याच्या लक्षात यायला पाच मिनिटे लागू शकतात, आणि सेटिंगमध्ये ठरावीक पत्तेच ऐकायला सांगितले असेल तर तो कधीच लक्षात येत नाही. चेक हिरवा, ग्राहकांना उत्तर नाही. म्हणून गटाबाहेरच्या एखाद्या मशीनवरून व्हर्च्युअल पत्त्यालाही दर मिनिटाला तीच ४८ बाइटची विचारणा करत राहावी.

एका ग्राहकाने दर वेळी त्याच सर्व्हरकडे जाणेही महत्त्वाचे आहे. एनटीपीचा ग्राहक एकाच विचारणेवर विश्वास ठेवत नाही. मागच्या आठ नमुन्यांतून चांगला निवडतो. प्रत्येक नमुना वेगळ्या सर्व्हरचा आला तर त्याला घड्याळ सतत थरथरताना दिसते. विचारण्याचे अंतर ६४ पासून १,०२४ सेकंदांपर्यंत वाढत जाते. पर्सिस्टन्स, म्हणजे ग्राहकाला त्याच सर्व्हरशी बांधून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांची ठेवली तर सतरा मिनिटांनी येणाऱ्या ग्राहकासाठी ती नसल्यातच जमा. ती २,४०० सेकंद ठेवावी किंवा पत्त्यावरून सर्व्हर ठरवणारा सोर्स-हॅश वापरावा. आणि आयपीव्हीएसमध्ये (लिनक्समधल्या लोड बॅलन्सरमध्ये) पर्सिस्टन्स असताना आजारी सर्व्हरचे वजन शून्य केले तरी जुने ग्राहक त्याच्याकडेच जात राहतात, जोवर ‘एक्स्पायर-क्विसेंट-टेम्प्लेट’ १ केलेले नसते. चेकने आजार पकडला, लॉगमध्ये नोंदही झाली, आणि चुकीची वेळ वाटणे चालूच, असा प्रकार यातून होतो.

सगळेच सर्व्हर एकदम नापास झाले तर काय करायचे, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. वेबसाइटच्या लोड बॅलन्सरमध्ये ‘सगळे नापास तर सगळे आत ठेवा’ अशी सोय असते. वेळेच्या बाबतीत आमचे मत असे आहे: फक्त डिस्पर्शन वाढले असेल तर सर्व्हर आत ठेवावेत, कारण वेळ थोडीच शिळी झालेली असते. ऑफसेट चुकत असेल तर कुणालाच आत ठेवू नये. उत्तर न मिळालेले यंत्र आपल्या क्वार्ट्झवर काही तास एका सेकंदाच्या आत राहते. चुकीचे उत्तर मिळालेले यंत्र क्षणात भरकटते. विंडोजच्या डोमेनमध्ये पाच मिनिटांचा फरक पडला की लॉगिनच बंद होते. आणि सगळे एकदम ऑफसेटमध्ये नापास दिसले तर आधी तपासणाऱ्याचे घड्याळ पाहावे.

आपल्या भागासाठी आणखी एक. तीनही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच इंटरनेट लाइनवर असतील तर ते तीन नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी कुठवर आले होते ते सांगलीकराला सांगायला नको. एक सर्व्हर पूररेषेबाहेर, विटा किंवा जतसारख्या ठिकाणी ठेवावा. जीपीएसचा अँटेना गच्चीवर असतो, आणि त्याच गच्चीवर नंतर पाण्याची टाकी उभी राहते, सोलरचे पॅनेल बसतात आणि आकाश झाकले जाते. अँटेनाच्या केबलला सर्ज अरेस्टर हवाच. वळवाच्या विजा आधी त्या केबलमधूनच आत येतात. एकाच कंपनीचे, एकाच फर्मवेअरचे तीन जीपीएस सर्व्हर घेतले तर आठवड्याच्या आकड्याची चूकही तिघांत एकदम होईल. म्हणून एक तरी सर्व्हर नेटवर्कवरून एनआयसी किंवा एनपीएलकडून वेळ घेणारा असावा.

निविदेत ‘हाय अव्हेलेबिलिटी टाइम सर्व्हर, लोड बॅलन्सरसह’ एवढेच लिहून भागत नाही. हेल्थ चेकने लीप बिट, स्ट्रॅटम, डिस्पर्शन आणि ऑफसेट तपासावेत, मर्यादा संस्थेला बदलता याव्यात, प्रत्येक चेकचे आकडे लॉगमध्ये राहावेत, हे शब्दांत लिहावे. स्वीकृतीच्या वेळी चार चाचण्या समोर करून घ्याव्यात. एका सर्व्हरची टाइम सेवा बंद करायची, मशीन चालू ठेवून. दुसऱ्याचे अँटेना आणि इंटरनेट दोन्ही काढून दोन तास थांबायचे. तिसऱ्याचे घड्याळ दहा सेकंद पुढे करून त्याला ‘लोकल स्ट्रॅटम २’ वर चालवायचे. सगळ्या खुणा निरोगी आणि वेळ चुकीची, असा हा सर्व्हर फक्त ऑफसेटच्या चेकनेच सापडतो. चौथी चाचणी व्हर्च्युअल पत्ता एका सर्व्हरच्या लूपबॅकवरून काढून टाकण्याची. प्रत्येक वेळी सर्व्हर किती मिनिटांत बाहेर पडला आणि डीव्हीआरची वेळ हलली का, हे कागदावर उतरवावे. चाचण्या रात्री, ग्राहकांचा भार नसताना घ्याव्यात आणि बिल त्यानंतरच मंजूर करावे. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, याच चारही पुन्हा घ्याव्यात.

कळावे.

आपले,
नेटवर्क आणि सर्व्हर देखभालीचे काम करणारे काही वाचक,
सांगली-मिरज-कुपवाड